साळवेबाईंचं ‘माहीत नाही’

आमच्या शाळेच्या प्रयोगशाळेच्या दारावर एक पाटी होती : ‘कोणत्याही वस्तूस हात लावू नये.’ शाळेत एरवी शिस्तीच्या नावाने आनंदीआनंद असला, तरी ही एक पाटी पिढ्यानपिढ्या इमानेइतबारे पाळली गेली. विद्यार्थी हात लावत नसत, शिक्षक लावत नसत, आणि झाडूवाल्यानेही कधी लावला नसावा असं तिथली टेबलं पाहून वाटे. सूक्ष्मदर्शक काचेच्या कपाटात, कपाटाला कुलूप, कुलपाची किल्ली हेडसरांच्या ड्रॉवरमध्ये आणि ड्रॉवरची किल्ली हेडसरांच्या घरी. बरणीतला बेडूक तेवढा उघड्यावर असे. तो शाळेतला सर्वांत ज्येष्ठ कर्मचारी. औषधात बुडून बुडून त्याचा रंग उडाला होता, पण निवृत्तीचं नाव काढत नव्हता.

असं सगळं सुरळीत चाललं असताना साळवेबाई आल्या.

आमची शाळा लालबागहून घोडपदेवकडे जाताना लागते. मराठी माध्यम, तीन मजले, आणि समोर एवढा मोठा टॉवर की आमच्या पटांगणात ऊन वेळापत्रकाप्रमाणे येतं. मी तिथे मराठी शिकवतो. विज्ञानाशी माझा संबंध रक्त तपासून घेण्यापुरता. पण शनिवारी दुपारी खाजगी क्लास न घेणारा शिक्षक शोधता शोधता अख्ख्या शाळेत मी एकटाच सापडलो, आणि मला ‘विज्ञान उपक्रम समन्वयक’ नेमण्यात आलं. विज्ञान खरोखर शिकवणाऱ्या गोरेबाई मला म्हणाल्या, “अभिनंदन हं सर!” आणि पर्स उचलून क्लासला गेल्या.

त्या सुमारास शास्त्रज्ञांनी समाजापर्यंत पोहोचावं, असं वर कुठेतरी ठरलं होतं. वर काही ठरलं की खाली बॅनर छापला जातो. परळच्या एका मोठ्या संशोधन संस्थेने आमच्यापर्यंत पोहोचायचं ठरवलं. अंतर तसं चालत वीस मिनिटांचं, पण पोहोचायला त्यांना साठ-सत्तर वर्षं लागली होती. बॅनरवर नऊ मान्यवरांचे फोटो होते. ज्यांना प्रत्यक्षात यायचं होतं त्या डॉ. सुजाता साळवे यांचा मात्र नव्हता, कारण जागा उरली नाही.

बाई चालत आल्या. पन्नाशीच्या, ठेंगण्या, पायात हिरवे फ्लोटर्स, खांद्याला कापडी पिशवी आणि घड्याळ मनगटाच्या आतल्या बाजूला. तीन जिने चढून आल्यावर त्यांना धाप लागली, तरी त्यांनी पहिली गोष्ट केली ती म्हणजे जिन्याच्या भिंतीवरची हिरवी-काळी बुरशी नखाने खरवडली आणि काडेपेटीत भरली. हेडसर हार घेऊन उभे होते. त्यांना वाटलं, बाई भिंतीच्या अवस्थेवर टीका करतायत. ते घाईघाईने म्हणाले, “रंगकामाचा प्रस्ताव गेलाय वर.”

“नको हो, रंग नका देऊ,” बाई कळवळून म्हणाल्या. “फार छान वाढलीय.”

मग शाल आणि श्रीफळ झालं. आमच्या शाळेत कोणीही आलं की शाल-श्रीफळ होतं. मीटर बघायला आलेला माणूस एकदा थोडक्यात बचावला होता. साळवेबाईंनी शाल घेतली आणि खिडकीच्या गजांना बांधली, कारण काचेवर ऊन येत होतं. नारळ पोरांकडून फोडून घेतला, त्याचं पाणी पेल्यात ओतून पिशवीतून आणलेलं यीस्ट त्यात सोडलं आणि पेला टेबलावर ठेवला. अर्ध्या तासात पाण्याला फेस आला. पोरं खूश. हेडसर सत्काराच्या पेल्यातला तो फेस बघत राहिले आणि मला हळूच म्हणाले, “ह्यांना निरोपाच्या वेळी नारळ द्यायचा नाही.”

बाई मूळच्या घोडपदेवच्याच. वडील गिरणीत होते आणि गिरण्या बंद पडल्यावर कुठेतरी रखवालदार. चाळीत चौदा एप्रिलच्या जयंतीच्या वर्गणीतून अभ्यासिका काढली होती, तिथे शिकून बाई डॉक्टर झाल्या. म्हणजे औषध न देणाऱ्या डॉक्टर. त्यांच्या चाळीला ही गोष्ट शेवटपर्यंत पटली नाही. अजूनही कोणीतरी म्हातारी रस्त्यात गाठून गुडघा दाखवत असे आणि बाई तो निमूट बघत असत. त्यांचं संशोधन माशांवर होतं. बोटाच्या पेराएवढे पट्ट्यापट्ट्यांचे मासे, त्यांच्या शेपटीचा तुकडा कापला तर तो पुन्हा उगवतो. तो कसा उगवतो, हे बाई पंचवीस वर्षं बघत होत्या. आमच्या स्टाफरूममध्ये हे कळल्यावर पीटीचे सर म्हणाले, “मग आमच्या ताटातल्या सुरमईला का नाय उगवत?” स्टाफरूम हसली. बाईही हसल्या आणि म्हणाल्या, “प्रश्न चांगलाय. सगळ्या माशांना का येत नाही, हे मलाही माहीत नाही.”

हे ‘माहीत नाही’ त्यांच्या तोंडी आम्ही प्रथम ऐकलं ते तेव्हा. पुढे त्याचा उच्छाद झाला.

पहिल्याच शनिवारी कुलपं उघडली. काचेच्या कपाटातून सूक्ष्मदर्शक बाहेर आले, आणि बाईंनी एकाला डोळा लावून बराच वेळ काढला. मग डोळा चोळला, तर बोटाला लाल लागलं. आमच्या शाळेचे सूक्ष्मदर्शक वर्षातून एकदाच बाहेर येत, खंडेनवमीला. पूजा व्हायची, फुलं वाहायची, भिंगाच्या ऐन मध्यावर कुंकू लागायचं आणि मग परत कपाटात. बाईंनी पदराच्या टोकाने नव्हे, पिशवीतल्या खास कागदाने प्रत्येक भिंग पुसलं. पोरांना म्हणाल्या, “कुंकवाचे कण बघायचेत का आधी? आयतेच आहेत.” आमच्या शाळेच्या इतिहासात सूक्ष्मदर्शकातून प्रथम पाहिली गेलेली वस्तू ती.

मग कांद्याची साल आली. आता कांद्याची साल सूक्ष्मदर्शकाखाली कशी दिसते हे आमच्या पोरांना न बघताच पाठ होतं. विटा रचल्यासारख्या पेशी आणि प्रत्येकीत एक ठिपका. प्रयोगवह्यांत हे चित्र गोरेबाईंच्या फळ्यावरून उतरून चाळीस वह्यांत चाळीस वेळा एकसारखं निघे, ठिपकेसुद्धा त्याच जागी. साळवेबाईंनी पुस्तकं मिटायला लावली.

“ज्याने पुस्तकातलं चित्र काढलं त्याने त्याचा कांदा बघून काढलं,” त्या म्हणाल्या. “तू तुझा कांदा बघ.”

मृणाल घाडी नावाची आठवीतली मुलगी होती. वर्गात तोंड उघडत नसे. तिने भिंगाला डोळा लावला आणि वहीत तीन जाड, वाकड्या काळ्या रेघा काढल्या. पुढल्या आठवड्यात गोरेबाईंनी ती वही बघितली, रेघांवर लाल फुली मारली आणि खाली ‘पेशी कुठे?’ असं विचारलं. शनिवारी साळवेबाईंनी वही हातात घेतली आणि मृणालच्या चेहऱ्याकडे निरखून पाहिलं.

“ह्या तुझ्या पापण्या आहेत गं,” त्या म्हणाल्या. “डोळा फार जवळ नेलास की पापणी दिसते. अख्ख्या वहीत हे एकच चित्र बघून काढलेलं आहे. आता जरा मागे हो आणि परत कर.”

‘परत कर’ ही त्यांच्याकडची सर्वोच्च पदवी. ‘शाब्बास’, ‘छान’, ‘व्वा’ हे शब्द त्यांच्या तोंडून बुरशी सोडून कोणाच्या वाट्याला आलेले मी ऐकले नाहीत. पोरगं धावत आलं, “ताई, जमलं!” की या शांतपणे म्हणणार, “बरं. आता परत कर. एकदा जमलं ते नशीब असतं.” वाटेल, एवढं खडूस बोलणं ऐकून पोरं पळून जातील. पण एकही गेलं नाही. उलट शनिवारी दुपारी आमच्या तिसऱ्या मजल्यावर “ए, बघू दे ना मला, कधीपासून चिकटलायस!” असा गलका सुरू झाला, आणि क्रिकेटच्या टीमला अकरावा खेळाडू मिळेना म्हणून पीटीच्या सरांनी लेखी तक्रार करायची तयारी केली.

एकदा पोरांना परळच्या संस्थेत नेलं. तिथे प्रसिद्धी बघणारा एक तरुण होता. त्याने पोरांना घोट्यापर्यंत येणारे पांढरे कोट घातले, हातात निळं पाणी भरलेले चंबू दिले आणि सांगितलं, “आता आश्चर्याने बघा.” पोरं आश्चर्याने बघू लागली. आमच्या पोरांना हे उत्तम जमतं, स्नेहसंमेलनात दरवर्षी करतात. तेवढ्यात साळवेबाई आल्या.

“हे काय आहे निळं?”

“मॅडम, फोटोत चांगलं येतं,” तो म्हणाला.

“पण आहे काय?”

कपड्यांना घालायची नीळ निघाली. बाईंनी एकेक चंबू बेसिनमध्ये ओतला, पोरांच्या बाह्या दुमडल्या आणि त्यांच्या हातात माशांच्या जाळ्या दिल्या. त्या दिवसाचे फोटो संस्थेच्या कामाचे नव्हते. त्यांत पोरांच्या फक्त पाठी दिसत होत्या, कारण सगळी टाकीवर वाकली होती.

‘माहीत नाही’चा उच्छाद झाला तो असा. कोणीतरी विचारलं, “ताई, मुंगी आजारी पडते का?” दुसऱ्याने विचारलं, “मासा झोपला तर स्वप्न पडतं का त्याला?” बाई मुंगीबद्दल पुष्कळ बोलल्या आणि स्वप्नाबद्दल म्हणाल्या, “मला माहीत नाही. कसं शोधता येईल, सांगा बरं?” त्यावर पाऊण तास वाद झाला. मला मौज वाटली, पण गोरेबाईंना धक्का बसला. आमच्याकडे ‘माहीत नाही’ म्हणणाऱ्याला बाकावर उभं करतात. शिक्षकांना करत नाहीत, कारण शिक्षक ते कधी म्हणत नाहीत. हेडसरांनी बाईंना बाजूला घेऊन समजावलं, “अहो, नसेल माहीत तर नसू दे. पण निदान मुलांसमोर तरी म्हणू नका. काहीतरी ठोकून द्यायचं. पुढच्या तासाला कोण आठवण ठेवतो?”

साथ पसरायची ती पसरलीच. मी वर्गात विचारलं, “या ओळी लिहिताना कवीच्या मनात काय होतं?” मागच्या बाकावरून उत्तर आलं, “सांगता येणार नाही सर. पुरावा नाही.” मार्गदर्शकात सहा गुणांचं उत्तर छापलेलं असताना! मी रागावणार होतो, पण माझ्याकडेही पुरावा नव्हता.

आता भाऊसाहेबांविषयी सांगायला हवं. भाऊसाहेब आमच्या संस्थेचे कार्याध्यक्ष. शाळेतल्या ज्या ज्या वस्तूवर नाव कोरता येतं तिच्यावर त्यांच्या वडिलांचं नाव आहे. सभागृह वडिलांचं, घंटा वडिलांची, आणि तळमजल्यावरची पिण्याच्या पाण्याची नवी टाकीही वडिलांच्या स्मरणार्थ. संगमरवरी पाटी एवढी मोठी की आधी पाटी आणली आणि मग तिला शोभेल अशी टाकी बांधली, असं स्टाफरूममध्ये म्हणत. संस्थेचा अमृतमहोत्सव दसऱ्यानंतरच्या रविवारी होता. भाऊसाहेबांच्या मनात आलं की शास्त्रज्ञ बाई आयत्या आहेत, तर मुलांनी टाकीचं पाणी तपासावं आणि ‘शुद्ध’ असल्याचं बाईंनी मंचावरून जाहीर करावं.

“आणि बाई,” ते म्हणाले, “तुमचा हा शनिवारचा वर्ग. ती खोली आपण डिजिटल क्लासरूमला देणार होतो. पण म्हटलं, कार्यक्रम चांगला झाला तर राहू दे तुम्हालाच कायमची. काय?”

बाईंच्या चेहऱ्यावर लोभ मी त्या एका दिवशी बघितला. कायमची खोली! कुलूप नसलेलं कपाट, कोपऱ्यात माशांची टाकी, बेसिनला नळ. जिना उतरता उतरता त्या मला कुठे काय ठेवायचं ते सांगत होत्या. “खिडकीपाशी सूक्ष्मदर्शक. आणि बेडकाला आता रजा देऊ या हो सर.” पंचवीस वर्षं दुसऱ्यांच्या प्रयोगशाळेत जागा मागून काम केलेल्या बाई. स्वतःच्या चाळीजवळ, आपल्या पोरांसाठी एक खोली मिळणार म्हणून त्यांचे हिरवे फ्लोटर्स पायऱ्यांवर नाचत होते.

पाणी तपासायचं म्हणजे बशा मांडायच्या. काचेच्या चपट्या झाकणाच्या बशीत जेलीसारखा थर ओतायचा, त्यावर तपासायची गोष्ट हलकेच लावायची, झाकण चिकटपट्टीने बंद करायचं आणि दोन-तीन दिवस उबेत ठेवायचं. जंतू असतील तर ठिपके उगवतात. पोरांनी थर्माकोलच्या खोक्यात बल्ब लावून ऊब केली आणि उत्साहात सगळ्या शाळेचे नमुने घेतले. प्रत्येक बशीवर चिठ्ठी होती. एकीवर ‘टाकी’, एकीवर ‘हेडसरांचं टेबल’, एकीवर ‘संडासाची कडी’. आणि सर्वांत वर एक बिनचिठ्ठीची कोरी बशी, जिच्यात काहीच लावायचं नाही. ती कोरीच राहिली तर आपलं काम स्वच्छ झालं असं समजायचं. “ही आपली साक्षीदार,” बाईंनी बजावलं. “हिच्यात काही उगवलं तर बाकी सगळ्यांवरचा विश्वास उडाला. झाकण उघडायचं नाही.” आणि त्या दोन दिवस परळच्या संस्थेच्या बैठकीला गेल्या.

त्या दोन दिवसांत खंडेनवमी आली.

खोतमामा आमचे शिपाई, मालवणकडचे, सश्रद्ध आणि कमालीचे नीटनेटके. दरवर्षीप्रमाणे त्यांनी घंटेपासून गवंड्याच्या थापीपर्यंत सगळ्यांना हळदकुंकू लावलं. मग प्रयोगशाळेत गेले. खोक्यात बल्बच्या उजेडात बशा मांडलेल्या, अगदी देव्हाऱ्यासारख्या. झाकणावर कुंकू लावून ते आतल्या वस्तूला कसं पोहोचणार? मामांनी चिकटपट्टी अलगद सोडवली, पूजा केली आणि पट्टी जशीच्या तशी परत लावली.

बाई परतल्या तेव्हा कोऱ्या बशीत हळदीचा पिवळा डाग होता आणि त्याभोवती ठिपक्यांची दाट रांगोळी. ‘टाकी’च्या बशीतही ठिपके होते, चांगले भरघोस. मामांना बोलावलं.

“मामा, हे उघडलंत तुम्ही?”

“मगे? नवमी ना ती! हत्यारांका हळदकुंकू लावूक नको?” मामा निरागसपणे म्हणाले.

“सगळ्या बशा उघडल्यात?”

“सगळ्यो कशाक? संडास लिवलेल्याक कुंकू कसा लावतलंय, बाई? ही वरची चांगली कोरी होती, तिका लावलंय.”

“आणि टाकीची?”

मामांनी डोकं खाजवलं. “तां आता याद नाय. पाणी म्हंजे गंगाच. उघडलेली पन आसतली.”

साळवेबाई खुर्चीवर बसल्या. त्यांना बसलेलं मी तेव्हाच पाहिलं. रागावल्या नाहीत. मामांना म्हणाल्या, “तुमची चूक नाही मामा. मी पोरांना बजावलं, तुम्हाला सांगितलंच नाही.” कार्यक्रम दोन दिवसांवर होता, पुन्हा बशा मांडायला वेळ उरला नव्हता.

बातमी स्टाफरूममध्ये पोहोचायला मधल्या सुट्टीपर्यंतही वेळ लागला नाही. टाकीत जंतू! लोकांचे चेहरे उजळले. भाऊसाहेबांनी ज्यांच्या ज्यांच्या बढत्या अडवल्या होत्या, त्या सर्वांना अचानक विज्ञानाबद्दल आस्था वाटू लागली. गोरेबाई स्वतःहून तिसऱ्या मजल्यावर चढल्या. “बाई, ती कोरी बशी कचऱ्यात टाका आणि टाकीची तेवढी दाखवा मंचावर. सगळ्यांसमोर होऊन जाऊ दे एकदा.” दुसरीकडून हेडसर आले. “बाई, ती टाकीची बशी कचऱ्यात टाका आणि शुद्ध आहे म्हणा. खोलीचा विचार करा.” बाईंनी दोघांचं ऐकून घेतलं आणि दोन्ही बशा पिशवीत घातल्या.

पोरांना भाऊसाहेबांचं काही घेणं नव्हतं, त्यांना खोली हवी होती. मृणाल म्हणाली, “ताई, शुद्ध आहे असं म्हटलं तर? आपण पितोच ना रोज. काही होत नाही.”

“नसेलही होत,” बाई म्हणाल्या. “पण आपण तपासलंय का?”

“तपासलं... पण बिघडलं.”

“मग?”

“मग माहीत नाही,” मृणाल म्हणाली, आणि रडायला लागली. बाईंनी तिला जवळ घेतलं. मंचावर कुठल्याही मुलाने बोलायचं नाही, जे काय बोलायचं ते मी बोलेन, एवढं मात्र त्यांनी त्याच वेळी ठरवून टाकलं.

रविवारी सभागृह भरलं होतं. दीपप्रज्वलन झालं, स्वागतगीत झालं, भाऊसाहेबांच्या वडिलांच्या जीवनावर चित्रफीत झाली. मग भाऊसाहेब माईकवर आले. “आता परळच्या थोर शास्त्रज्ञ डॉक्टर साळवे मॅडम आपल्या टाकीच्या पाण्याबद्दल सांगतील. सांगा मॅडम, कसं आहे आमचं पाणी?”

बाई उठल्या. “मुलांनी मेहनत केली,” त्या म्हणाल्या. “पण आमच्या प्रयोगात चूक झाली. साक्षीदार बशीतच जंतू वाढले, त्यामुळे टाकीच्या पाण्याबद्दल काहीच म्हणता येत नाही. पाणी चांगलं आहे की वाईट, मला माहीत नाही. परत करावं लागेल.”

एवढंच. मागून पोरांची कुजबुज येऊ लागली. शुद्ध म्हणाव्यात अशी ज्यांची इच्छा होती ते खवळले, अशुद्ध म्हणाव्यात अशी ज्यांची इच्छा होती ते त्याहून खवळले. एका वाक्यात अख्ख्या संस्थेची एकजूट करून दाखवणारं माणूस मी दुसरं पाहिलेलं नाही.

कार्यक्रम संपल्यावर बाई ऑफिसात ठेवलेला आपला थर्माकोलचा खोका न्यायला दाराशी उभ्या होत्या, त्यांच्या मागे मी. आत भाऊसाहेब होते. दार उघडं होतं, आणि ते उघडं आहे हे त्यांना ठाऊक होतं.

“एवढ्या मोठ्या मुंबईत ह्यांना तपासायला माझ्या वडिलांचीच टाकी मिळाली,” ते हेडसरांना म्हणाले. वास्तविक तपासायला त्यांनीच सांगितलं होतं. “कारण समजतं हो आम्हाला. ह्या लोकांचा पाण्यावरून राग जुना आहे.”

माझे कान तापले. मी काहीतरी बोललो असतो, पण बाईंनी माझ्याकडे बघून हलकेच मान हलवली. त्या आत गेल्या, टेबलामागचा आपला खोका उचलला, बल्बची वायर नीट गुंडाळली आणि “येते” म्हणून निघाल्या. त्या माणसाचा मला तेव्हा आला तेवढा राग आजही येतो. बाईंना आला की नाही, ते त्यांनी मला कधी कळू दिलं नाही.

सोमवारी प्रयोगशाळेला कुलूप लागलं. सूक्ष्मदर्शक कपाटात गेले. डिजिटल क्लासरूमचं सामान आलं आणि खोक्यांतच राहिलं, कारण ते चालवायला कोणाला येत नव्हतं.

पुढच्या शनिवारी दुपारी मी शाळेबाहेर आलो तर फाटकापलीकडे, वडापावच्या गाडीशेजारी, साळवेबाई उभ्या होत्या. पाच-सहा पोरं होती. बाई आत येत नव्हत्या, त्यांना मनाई होती. पोरांना पाणी प्यायला मनाई नव्हती. बाईंनी उकळून आणलेल्या झाकणाच्या बाटल्या पोरांना दिल्या, पोरं आत जाऊन टाकीचा नळ आधी वाहू देऊन मग बाटल्या भरून घेऊन आली. बशा परळला मांडल्या, तीन कोऱ्या बशांसकट. मग बाईंच्या स्वभावाप्रमाणे त्याच्या पुढच्या शनिवारी परत, आणि त्याच्याही पुढच्या शनिवारी परत. मामांनी यातलं काहीच बघितलं नसल्याने पूजा झाली नाही.

नंतर एका संध्याकाळी मी ऑफिसात मस्टरवर सही करत होतो. भाऊसाहेब हेडसरांच्या खुर्चीत बसले होते आणि हेडसर उभे होते. साळवेबाई आल्या. बोलावलेलं नव्हतं. धाप लागलेली, खांद्याला तीच पिशवी.

“भाऊसाहेब, तुमच्या टाकीचं पाणी परत तपासलं,” त्या म्हणाल्या. “तीन वेळा. कोऱ्या बशा कोऱ्या राहिल्या. टाकीच्या बशीतही काही वाढलं नाही. आधी जे दिसलं ते आमच्याच चुकीचं होतं.”

भाऊसाहेबांना ते कळायला थोडा वेळ लागला. मग ते खुर्चीत सैलावले. “म्हणजे शुद्ध! मी काय म्हणत होतो, हेडमास्तर?”

“शुद्ध आहे असं नाही म्हटलं मी,” बाई म्हणाल्या. “या तपासणीत काही आढळलं नाही, एवढंच म्हटलं.”

“तेच ते,” भाऊसाहेब म्हणाले, आणि चहा मागवला. दोन कप. खोलीचा विषय त्यांनी काढला नाही, आणि बाईंनीही नाही. चहा येईपर्यंत त्या थांबल्या नाहीत.

हेडसर आणि मी त्यांना सोडायला पायऱ्यांपर्यंत गेलो. हेडसर माणूस वाईट नाही, भित्रा आहे. ते कुजबुजत म्हणाले, “बाई, कशाला आलात हो? ते तुम्हाला एवढं बोलले. तुम्ही नसतं सांगितलं तर कुणाला कळणार होतं?”

बाईंना तो प्रश्नच समजला नाही. “अहो, त्यांचं पाणी चांगलं निघालं,” त्या म्हणाल्या. “त्यांना सांगायला नको?”

तळमजल्यावर शाळा सुटल्याने कोणी नव्हतं. बाई टाकीपाशी थांबल्या. पिशवी खांद्यावरून मागे सारली, नळ सोडला, ओंजळ धरली आणि वाकून पोटभर पाणी प्यायल्या. नळ घट्ट बंद केला, ओला हात मानेवरून फिरवला आणि घोडपदेवच्या दिशेने चालू लागल्या.